दहावीनंतरची वाट : मुलांना मार्गदर्शन करणाऱ्यांनी लिहावं

दहावीचा निकाल लागला की शाळेत एक व्याख्यान होतं, फळ्यावर वीस-पंचवीस क्षेत्रांची नावं लिहिली जातात आणि मुलं घरी जातात. तोवर बरंच काही हुकलेलं असतं. नववी-दहावीच्या मुलांबरोबर प्रत्यक्ष काम करणाऱ्यांना लिहिण्याचं आवाहन. स्वतःची वाटचाल नको. काय करायचं, केव्हा करायचं, कुठे आणि का चुकतं, तेवढं नेमकं सांगा.

शालेय समुपदेशक

राज्य मंडळाने २०१६ मध्ये दहावीसाठी कलमापन चाचणी आणली, तेव्हापासून एक समजूत घट्ट बसली आहे : चाचणीत जे क्षेत्र वर आलं, तीच शाखा घ्यायची. कल म्हणजे आवड. क्षमता वेगळी तपासावी लागते. शिवाय आवड ही मुलाने जे पाहिलंय त्यातूनच येते. ज्याने लेथ (धातू कातण्याचं यंत्र) कधी पाहिलंच नाही, तो ‘यंत्रावर काम करायला आवडेल का’ याचं उत्तर अंदाजानेच देणार. म्हणून आधी कामं दाखवा, चाचणी नंतर घ्या.

नववीच्या दिवाळीच्या सुट्टीत प्रत्येकाने काम करणाऱ्या दोघांना भेटायचं. एक नात्यातला चालेल, दुसरा नात्याबाहेरचाच हवा. प्रश्न सहा : या कामासाठी काय शिकलात, सुरुवातीच्या महिन्यात कोणतं काम दिलं, दिवसातले किती तास उभं राहावं लागतं, नवीन माणसाला हातात किती पैसे मिळतात, लोक हे काम का सोडतात, पाच वर्षांनी यातून पुढे कुठे जाता येतं. ‘काम आवडतं का’ हे विचारायला लावू नका, सगळे हो म्हणतात. चाळीस मिनिटांच्या तासात चार-पाच मुलांचंच ऐकून होतं, त्यामुळे वर्ग मोठा असेल तर दोन-अडीच महिने आठवड्याचा एक तास राखून ठेवावा लागतो. एका दिवसात उरकलं की मुलं एकमेकांचं उतरवतात.

पालकसभेपेक्षा प्रत्येक घराला वेगळी वेळ द्या. आधी मूल एकटं, पंधरा मिनिटं. मग आई-वडील, मग सगळे एकत्र. सुरुवातीलाच एकत्र बसवलं तर मूल घरात ठरलेलंच बोलून दाखवतं.

शाळेतील वरिष्ठ लिपिक

मार्गदर्शनात कागदपत्रांचं कुणी बोलत नाही आणि प्रवेश तिथेच अडतो.

पहिली गोष्ट नावाची. जनरल रजिस्टर (शाळेची प्रवेश नोंदवही), जन्मदाखला आणि आधार या तिन्हींवर नाव, वडिलांचं नाव आणि जन्मतारीख अक्षरनअक्षर जुळली पाहिजे. आठवीतच तपासा. मूल शाळेत शिकत असेपर्यंत रजिस्टरमधली दुरुस्ती पुराव्यासह करून घेता येते, शाळा सोडल्यावर तीच फार अवघड होते. दहावीचा फॉर्म भरल्यावर मंडळाकडून प्रीलिस्ट, म्हणजे भरलेल्या माहितीची तपासायची यादी, येते. ती मुलाला आणि पालकाला दोघांनाही दाखवून सही घ्या. गुणपत्रिकेवरच्या बहुतेक चुका तिथेच पकडता येतात.

दुसरी गोष्ट जातीच्या दाखल्याची आणि पडताळणीची. राखीव जागेवर व्यावसायिक अभ्यासक्रमाला प्रवेश घ्यायचा तर जात वैधता प्रमाणपत्र लागतं, आणि त्यासाठी जुना पुरावा हवा : अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, इतर मागासवर्गासाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा. म्हणजे आजोबांचा किंवा पणजोबांचा शाळेचा दाखला, कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्ममृत्यू नोंदवहीची) नक्कल, वडिलांच्या बाजूच्या कुणाचं आधीचं वैधता प्रमाणपत्र. हे गोळा करायला महिने जातात. बारावी विज्ञानाच्या मुलांचे अर्ज कॉलेजच्या पत्रासह जात पडताळणी समितीकडे जातात, म्हणून अकरावीत पाऊल टाकताना फाईल तयार असावी.

नॉन-क्रीमीलेअर (उत्पन्नाच्या मर्यादेत असल्याचं प्रमाणपत्र) पुढच्या ३१ मार्चपर्यंत वैध आहे का, तेवढं पाहा. जून-जुलैत सेतू केंद्रावर रांग असते, एप्रिलमध्ये नसते.

कनिष्ठ महाविद्यालय, गणित

‘विज्ञान घेतलं की सगळी दारं उघडी राहतात’ हे वाक्य प्रत्येक घरात ऐकू येतं. अर्धंच खरं आहे. बारावी विज्ञाननंतर कला किंवा वाणिज्य पदवीला जाता येतं, उलट जाता येत नाही, इथवर ठीक. पण दार उघडं राहतं ते विषयांच्या जोडीमुळे, शाखेमुळे नाही.

गणित सोडलं तर अभियांत्रिकी गेली, आणि एनडीएतून (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून) हवाई दल व नौदलही गेलं. भूदलाला मात्र बारावी कोणत्याही शाखेची चालते. डी. फार्मसीला भौतिक आणि रसायन यांच्याबरोबर गणित किंवा जीवशास्त्र यांपैकी एक पुरतं. चारही विषय एकत्र घेणाऱ्याने आठवड्याचे तास मोजून पाहावेत. दोन्ही दोऱ्या धरून ठेवायच्या नादात दोन्हींतले गुण घसरतात. द्विलक्षी (बायफोकल) अभ्यासक्रमाचंही नीट समजावून सांगा. इलेक्ट्रॉनिक्स किंवा संगणकशास्त्राचा तो २०० गुणांचा विषय दुसऱ्या भाषेची आणि एका विषयाची जागा घेतो. तो विषय बहुधा जीवशास्त्र असतो, आणि मुलीला नर्सिंगला किंवा वैद्यकीयला जायचं असतं हे बारावीत ध्यानात येतं.

एमएचटी-सीईटीत (अभियांत्रिकी वगैरेंच्या राज्य प्रवेश परीक्षेत) गणिताच्या ५० प्रश्नांना प्रत्येकी २ गुण, भौतिक आणि रसायनच्या प्रश्नांना १. साधारण ८० टक्के प्रश्न बारावीवर, २० टक्के अकरावीवर. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. ज्या मुलाचं दहावीचं बीजगणित पाठांतरावर निघालं, त्याला अकरावीचं त्रिकोणमिती आणि लॉगॅरिदम पहिल्या दोन महिन्यांत अडवतात. शाखा ठरवताना एकूण टक्के बाजूला ठेवा. गणिताची उत्तरपत्रिका काढून पाहा की गुण कुठल्या प्रश्नांवर मिळाले.

आयटीआय, फिटर निदेशक

समुपदेशक ताईंनी लेथचं लिहिलं, त्याला जोडून. मुलाला आयटीआयला पाठवण्याआधी अर्धा दिवस कार्यशाळेत उभं करा. फिटरला सुरुवातीचे महिने बेंच व्हाइसवर कानस, हॅक्सॉ आणि मार्किंगमध्ये जातात; तळहाताला फोड येतात; व्हर्नियरवर ०.०२ मिलिमीटरपर्यंत माप वाचायचं असतं. हे बघूनही ज्याचे डोळे चमकतात, तो टिकतो.

फिटर, टर्नर, मशिनिस्ट, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एक वर्षाचा. इलेक्ट्रिशियनच्या जागा आधी भरतात, म्हणून पर्याय भरताना एकाच ट्रेडवर थांबू नये. मुलं गळतात ती हाताच्या कामात कमी, वर्कशॉप कॅल्क्युलेशनमध्ये जास्त. शेकडेवारी, प्रमाण, क्षेत्रफळ, घनफळ कच्चं असेल तर सुट्टीत पक्कं करून घ्या.

आयटीआय म्हणजे शिक्षणाचा शेवट, असं सांगणाऱ्यांना थांबवा. दोन वर्षांचा ट्रेड पास झाल्यावर डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाता येतं. मंडळाचे भाषेचे विषय दिले की बारावीशी समकक्षता मिळते. शिकाऊ उमेदवारीत विद्यावेतनही मिळतं.

आणखी एक, रंगांधळेपणा तपासणारी इशिहाराची तक्ता-चाचणी नववीतच करून घ्या. डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाच मिनिटांचं काम. रंगांधळेपणा मुलींपेक्षा मुलांत कितीतरी जास्त असतो, आणि रेल्वेत लोको पायलट व्हायचं तर तो चालत नाही.

तंत्रनिकेतन

अभियांत्रिकी डिप्लोमानंतर पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाचा प्रवेश डिप्लोमाच्या गुणांवर होतो, सीईटी लागत नाही. मात्र पहिल्या सत्रातलं गणित आणि ड्रॉइंग हलकं घेऊ नका.

माजी सैनिक, शाळांमध्ये माहिती देतो

छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था आणि नाशिकची मुलींची संस्था, दोन्हीकडे दहावीनंतर प्रवेश मिळतो आणि एनडीएची तयारी होते. पण अर्ज मूल दहावीत असतानाच भरायचा असतो. निकालानंतर विचारणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे, आणि त्यांना ‘वेळ गेली’ याशिवाय काही सांगता येत नाही. ही तारीख डिसेंबरपासून शाळेच्या सूचनाफलकावर हवी.

अकरावी ऑनलाइन प्रवेश, मदत केंद्र

२०२५ पासून हा प्रवेश सगळ्या राज्यात ऑनलाइन आहे. पसंतिक्रम दहापर्यंत देता येतात. दोन-तीन कॉलेजं आपल्या गुणांच्या वरची, चार-पाच आसपासची, उरलेली नक्की मिळतील अशी. गेल्या वर्षीचा कटऑफ आपल्या प्रवर्गाचा आणि प्रत्येक फेरीचा पाहा. एक नंबरला फक्त तेच कॉलेज लिहा, जिथे जायचंच आहे. पहिली पसंती मिळूनही प्रवेश घेतला नाही, तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाहेर पडावं लागतं. ‘बघू तरी लागतं का’ म्हणून मोठ्या कॉलेजचं नाव वर टाकणाऱ्यांचं तिथेच नुकसान होतं. कोट्यातून प्रवेश घेतला तरी फेऱ्या थांबतात.

ग्रामीण शाळेतील शिक्षिका

वरच्या पसंतिक्रमाच्या यादीत एक रकाना वाढवा : एसटीची वेळ. मुलींना बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत आहे, मुलांना सवलतीत. पण पास असून गाडी नसेल तर काय उपयोग? प्रात्यक्षिकं दुपारी असतात आणि शेवटची गाडी त्याआधी निघून जाते. प्रात्यक्षिक बुडालं की गुण जातात, आणि दिवाळीपर्यंत मुलगी घरी बसते. कॉलेजच्या कार्यालयात विज्ञानाच्या प्रात्यक्षिकांचं वेळापत्रक मागा, स्थानकावर परतीच्या गाड्यांच्या वेळा लिहून घ्या, दोन्ही कागद शेजारी ठेवा. फॉर्मचा दुसरा भाग, म्हणजे पसंतिक्रमाचा, त्यानंतर भरा. पाऊस सुरू झाल्यावर गावाच्या फाट्यापर्यंत गाडी येते का, हेही वाहकाला विचारून ठेवा.