मदत हवी आहे: सरदार घराण्यातली मुलगी, वडिलांचा विरोध, ग्वाल्हेर

लष्करची_वहिनी:
मुलगी २४ वर्षांची, मुलगा २७ चा. दोघं हिंदू, दोघं मराठी. मुलीचं घर ग्वाल्हेरच्या लष्कर भागातलं जुनं सरदार घराणं, शहाण्णव कुळी. मुलगा शिंपी समाजाचा, इंदूरला नोकरीला. मुलीच्या वडिलांनी, आबासाहेबांनी, सांगितलंय की कुळी-देवक बघितल्याशिवाय आपल्यात लग्न लागत नाही, आणि वाड्याबाहेर पाऊल टाकलंस तर इस्टेटीतली दमडी मिळणार नाही. घरी कळू नये म्हणून स्पेशल मॅरेज ॲक्टची नोटीस इंदूरला द्यावी का? वडिलांनी लेखी हरकत घेतली तर लग्न अडतं का? इस्टेटीचं खरं काय? दहावीची मार्कशीट वडिलांच्या कपाटात आहे, तिचं काय करावं?

दौलतगंज४७:
इंदूरला नोटीस दिली म्हणजे घरी कळणार नाही, हा समज आधी काढून टाका. नोटीस देता त्या जिल्ह्यात दोघांपैकी एकाचं आधीचे ३० दिवस वास्तव्य हवं. मुलाचं आहे, तेवढं जमेल. पण मुलीचा कायमचा पत्ता ग्वाल्हेरचा, म्हणून नोटिशीची प्रत इथल्या विवाह अधिकाऱ्याकडे येते आणि इथल्या फलकावरही लागते. सरदारांचं आडनाव फलकावर दिसलं की संध्याकाळपर्यंत महाराज बाड्यावर, म्हणजे भर चौकात चर्चा. नोटिशीनंतर हरकतींसाठी थांबावे लागणारे ३० दिवस कुठे आणि कसे काढायचे ते ठरल्याशिवाय अर्ज करूच नका.

हरकत कोणीही घेऊ शकतो, पण कारण कलम ४ मधलंच लागतं: आधीचं लग्न कायम असणं, वय (मुलगा २१, मुलगी १८), निषिद्ध नातं, किंवा मनोविकारामुळे संमती देता न येणं. कुळी, देवक, जात, वडिलांची नापसंती यातलं काहीच त्यात बसत नाही. त्यांची सहीही कुठल्याच कागदावर लागत नाही. घोळ होतो तो शेवटच्या कारणावरून. ‘मुलीचं डोकं ठिकाणावर नाही’ असं लिहून दिलं की चौकशी लागते, तिला ३० दिवसांपर्यंत मुदत आहे, म्हणजे आणखी एक महिना गेला. हरकत खोडसाळ ठरली तर खर्च बसतो तो जास्तीत जास्त १००० रुपये, वाड्याला तो काय जड? नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न झालं नाही तर नोटीस बाद. साक्षीदार तीन लागतात. ऐन वेळी एक गळतो, चौथा तयार ठेवा.

इस्टेटीचं: वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हिस्सा जन्मापासून आहे. २००५ ची दुरुस्ती आणि २०२० चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल, दोन्ही तेच सांगतात. जातीबाहेर लग्न केल्याने तो जात नाही. आबासाहेबांनी स्वतः कमावलेलं मात्र ते मृत्युपत्राने कोणालाही देऊ शकतात.

शिंदेछावणी:
दोघं हिंदू आहेत, मग फलकात अडकायचं कशाला? हिंदू विवाह कायदा, १९५५ मध्ये नोटीसच नाही, आंतरजातीय असलं तरी. गुरुजी बोलवा, विधी पूर्ण करा, मग नोंदणी. फक्त टेबलावर हार घालून प्रमाणपत्र हातात देणाऱ्यांच्या नादी लागू नका. विधी झालेच नसतील तर नुसत्या प्रमाणपत्राने हिंदू विवाह होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये स्पष्ट केलंय. फोटोत होम आणि सप्तपदी हवी, दोघांचे चेहरे दिसतील अशी. अक्षतांचे शंभर फोटो निघतात आणि सप्तपदीचा एकही धड नसतो. गुरुजींची सही तारखेसकट घ्या.

मार्कशीट एमपी बोर्डाची असेल तर दुय्यम प्रत मिळते. टपालाचा पत्ता वाड्याचा देऊ नका.

मुरारच्या_ताई:
वहिनी, निघण्याचं नीट बघा. मुलीने स्वतःच्या हाताने पत्र लिहावं: मी सज्ञान आहे, माझ्या मर्जीने जाते आहे, बरोबर काय नेते आहे. खाली तारीख. एक प्रत एसपी ऑफिसला देऊन पोच घ्या, एक ठाण्यात. हे निघायच्या दिवशीच करा, आठवडाभर आधी केलं तर बातमी वाड्यावर पोचते. नंतर बेपत्ता असल्याची तक्रार झाली किंवा मुलावर पळवून नेल्याचा गुन्हा लागला, तर हे पत्र आणि मॅजिस्ट्रेटसमोरचा तिचा जबाब यांवरच सगळं ठरतं. बडोद्याच्या राजकन्या इंदिराराजेंनीही ग्वाल्हेरचे तेव्हाचे महाराज माधवराव शिंदे यांच्याशी ठरलेलं लग्न स्वतः पत्र लिहून मोडलं होतं आणि १९१३ साली लंडनला कूचबिहारच्या जितेंद्रनारायणांशी लग्न केलं. आईवडील आले नव्हते.

धमक्या असतील तर हायकोर्टाच्या ग्वाल्हेर खंडपीठात संरक्षणाची याचिका करता येते. वकिलाला पैसे नसतील तर जिल्हा विधिक सेवा प्राधिकरण गाठा, बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, हेल्पलाइन १५१००. अशा जोडप्यांसाठी सुरक्षित निवाऱ्याची सोय करा, असा २०१८ चा सर्वोच्च न्यायालयाचा निर्देश आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

लष्करची_वहिनी:
सगळ्यांचे आभार. आजीने तिला दिलेल्या पाटल्या तिने न्याव्यात का?

मुरारच्या_ताई:
नको. तिच्याच असल्या तरी नको. पाटल्यांची पावती नसते, आणि चोरीची फिर्याद झाली की पोलिसांना मुलाला उचलायला निमित्त मिळतं. आजींकडेच राहू द्या, त्या हयात आहेत तर एका कागदावर त्यांची सही घ्या की या नातीच्या. अंगावरचे कपडे, आधार, पॅन, पासबुक, बस. आणि सिम कोणाच्या नावावर आहे ते आजच बघा. आबासाहेबांच्या नावावर असेल तर एका फोनवर ते बंद होईल आणि बँकेचा ओटीपी येणार नाही. नवा नंबर घेऊन बँक आणि आधार दोन्हीकडे आधी बदलून घ्या.