डुरक्या घोणस एरिक्सच, गाँजिलोफिसचा हट्ट सोडा

पन्हाळा_रोड: काल एकानं पोस्ट टाकली की डुरक्या घोणस या सापाच्या शास्त्रीय नावात पहिला शब्द (म्हणजे गटाचं नाव) एरिक्स लिहिणारे जुन्या पुस्तकात अडकलेत, खरं नाव गाँजिलोफिस. वाचून डोकंच फिरलं. अहो गाँजिलोफिस हे नावच १८३० चं, वाग्लर या जर्मन प्राणीशास्त्रज्ञाचं, त्यात नवं काय? मधे काहींनी ते परत वर काढलं, पण २०१४ च्या डीएनएच्या कामात हे साप एरिक्सच्या फांद्यांमधेच निघाले. त्यांना वेगळं काढलं तर उरलेला एरिक्स एकाच पूर्वजाचा पूर्ण वंश राहतच नाही. म्हणून सगळे एरिक्स.

करवीरकर: पोस्ट माझीच होती. एरिक्समधलंच मांडूळ बघा, गुळगुळीत, शेपटी बोथट, तोंड कुठलं ते कळत नाही. डुरक्याचे खवले खरखरीत, शेपटी आखूड अन निमुळती. डोळ्याला दिसतंय ते सोडून लॅबवर विश्वास ठेवायचा?

पन्हाळा_रोड: अशा एकेका फरकावर जायचं तर अरबस्तानातला एरिक्स जयकारी अंडी घालतो, आपले दोन्ही थेट पिल्लं देतात. मग त्यालाही वेगळा काढा की! मस्कतला सर्जन असलेल्या आपल्या डॉ. जयकरांचं नाव आहे त्याला, १८८८ पासून.

उसाच्या_फडातून: तुमचं चालू द्या. आमच्या शेजारच्या रानात परवा घोणस म्हणून डुरक्या ठेचला, बिनविषारी जनावर, उंदरं खाणारं. मी ओरडत पळालो तोवर संपलं होतं.

कागलकर: ठेचणार नाही तर काय करणार? थ्री फेज लाईट रात्रीच मिळते, उसाला पाणी पाजायला अंधारात जावं लागतं, एका हातात बॅटरी, पायाखाली काय वळवळतंय दिसत नाही. दिवसा लाईट द्या मग साप ओळखायला शिकवा. माझा चुलता घोणस चावून गेलाय.

उसाच्या_फडातून: चुलत्याचं वाईट झालं दादा, खरंच. पण म्हणूनच ओळख पाहिजे. घोणसच्या पाठीवर साखळीसारख्या गोल ठिपक्यांच्या रांगा, डोकं त्रिकोणी, डिवचलं की कुकरसारखी शिट्टी. डुरक्याचे डाग वेडेवाकडे, मान वेगळी दिसतच नाही.

कागलकर: रात्री दोन वाजता डाग मोजत बसू? गमबूट घालतो अन लांबनं जातो, एवढं कबूल. पण लाईटचं कुणी बोलत नाही.

करवीरकर: लाईटचं बरोबर आहे, दिवसाच पाहिजे. आणि पन्हाळावाले, जयकारीचा मुद्दा मला खोडता येईना, लिहा एरिक्स. पण "काही जणांनी परत वर काढलं" म्हणून त्यांना उडवून लावू नका, त्यांनी हाडं तपासून मांडलेलं होतं.

पन्हाळा_रोड: हाडांचं काम मी नाकारलं नाही. नाव एरिक्सच.