ओओ मापातली सेकंडहँड ऑस्टेरिटी (जे ९४) घ्यायचीय, फोटोत नेमकं काय बघू?

लष्करकर (ग्वाल्हेर)

मंडळी, १२०० × ३०० मिमीच्या प्लायवर इंग्लंडमधल्या कोळसा खाणीच्या रेल्वे यार्डचं मॉडेल चाललंय, ओओ मापात (४ मिमीला एक फूट). काळ साधारण १९५५ ते ६५. पेको कंपनीचे कोड १०० रूळ आणि गाडीचा रूळ बदलणारे तीन सांधे, इन्सुलफ्रॉग प्रकारचे. चार चाकी पेकेट (छोटं खाण-इंजिन) हळू चालवली की दर सांध्यावर अडते, बोटाने ढकलावी लागते. म्हणून सहा चाकी ऑस्टेरिटी सॅडल टँक (बॉयलरवर पाण्याची टाकी असलेलं इंजिन) बघतोय. तिकडच्या एका विक्रेत्याकडे तीन कंपन्यांची तीन मॉडेलं आहेत: एक डॅपॉलच्या खोक्यातलं, एक हॉर्नबीचं, एक ईएफई रेलचं. तिन्हींवर 'जे ९४' लिहिलंय.

खाणीत जे ९४ शोभेल का? फोटोंत काय तपासू? (ग्वाल्हेरहून परत पाठवायचं म्हणजे इंजिनापेक्षा टपाल महाग.) आणि मे महिन्यात गच्चीखालच्या खोलीत रूळ मधेच आडवे वाकतात, त्याचं काय करू?

कोळसापेटी

इंजिन बरोबर आहे, पण खोक्यावरचं नाव खाणीचं नाही. खरं इंजिन हंस्लेट कंपनीने युद्धखात्यासाठी आखलं आणि १९४३ पासून ते बाहेर पडू लागलं. एकट्या हंस्लेटला मागणी झेपणारी नव्हती, म्हणून अँड्र्यू बार्कले, बॅग्नॉल, हडस्वेल क्लार्क, रॉबर्ट स्टीफन्सन अँड हॉथॉर्न्स आणि व्हल्कन फाउंड्री यांनीही बांधली. युद्धानंतर एलएनईआर या रेल्वे कंपनीने त्यातली ७५ विकत घेतली. त्यांचा वर्ग जे ९४, क्रमांक ८००६ ते ८०८०, पुढे ब्रिटिश रेल्वेत ६८००६ ते ६८०८०. खाणींकडे गेलेल्यांना 'ऑस्टेरिटी'च म्हणायचं. राष्ट्रीय कोळसा मंडळाने पुढे नवीही मागवली. शेवटची दोन हंस्लेटने १९६४ मध्ये दिली, एकूण आकडा ४८५.

म्हणजे काळ्या रंगाचं ६८xxx क्रमांकाचं मॉडेल खाणीच्या यार्डात उपरंच वाटेल. क्रमांक काढता येतो: कापसाच्या काडीला थोडं एनॅमल थिनर, आधी तळाकडच्या न दिसणाऱ्या भागावर चाचणी, मग हलक्या हाताने. जोर लावलात तर खालचा काळा रंगही उतरतो आणि चकाकता डाग राहतो.

धुराडंही बघा. मुळात ते साधं गोल होतं. १९६० च्या दशकात धूर कमी करण्यासाठी काहींवर चपटं, लांबट गीझल धुराडं बसलं, तर हंस्लेटच्या नव्या भट्टीपद्धतीच्या इंजिनांवर निमुळतं. यार्ड १९५५ चं म्हणणार असाल तर गोलच घ्या. सिलिंडर फ्रेमच्या आत, म्हणून बाहेर फक्त जोडदांडे (चाकं एकमेकांना जोडणारे दांडे) दिसतात. कोणी बाहेर सिलिंडर असलेलं इंजिन 'ऑस्टेरिटी' म्हणून विकत असेल तर पुढे चला.

आता एक अडचण. इंजिन बफरपासून बफरपर्यंत ३० फूट ४ इंच, ४ मिमीला एक फूट या हिशेबाने १२१ मिमी. १६ टनी कोळशाचा डबा सुमारे ७८ मिमी. इंजिन आणि तीन डबे म्हणजे ३५५ मिमी. सांध्यापलीकडचा शंटिंगचा तुकडा तेवढा नसेल तर तिसरा डबा सांध्यावरच लोंबकळेल. आधी पट्टी लावून मोजा, मग पैसे भरा.

सोळा_पॉइंट_पाच

फोटोंचं सांगतो. बाजूचे देखणे फोटो कामाचे नाहीत, तळाचे मागा. इंजिन उलटं ठेवून, दिवसाच्या उजेडात, दोन.

पहिल्यात चाकं आणि वीज घेणाऱ्या पट्ट्या. पट्ट्या प्रत्येक चाकाच्या मागे टेकलेल्या हव्यात. चाकांच्या कडेवर पिवळट-तपकिरी पट्टा म्हणजे झिजलेलं निकेल. ते चालतं, पण काजळी लवकर धरतं. दुसऱ्यात मोटरने फिरणाऱ्या आसावरचं प्लास्टिकचं दातेरी चाक. ते आसावर दाबून बसवलेलं असतं. प्लास्टिक जुनं झालं की दोन दातांच्या मधल्या खाचेत केसासारखी भेग जाते आणि तिथे दातांमधलं अंतर वाढतं. इंजिन चालताना त्या चाकाच्या दर फेऱ्याला एकदा 'टक' करतं. म्हणून हळू वेगातला वीस सेकंदांचा व्हिडिओ आवाजासकट मागा. वेगात पळवलेला व्हिडिओ सगळं लपवतो.

चासीच्या टोकांना, बफरपट्टीजवळ, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा किंवा फुगवटा दिसला तर नको म्हणा. ते जस्ताच्या मिश्रधातूचं कुजणं. ओतताना शिसं मिसळलं तर धातू वर्षानुवर्षं आतून फुगतो. त्याला इलाज नाही, गोंदाने तर नाहीच.

जोडदांडे तिन्ही चाकांवर एकाच कोनात हवेत, आणि डावी बाजू उजवीच्या ९० अंश पुढे किंवा मागे. एखादं चाक आसावर सरकलं असेल तर इंजिन लंगडतं. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर १४.५ मिमीच्या आसपास, हे विक्रेत्याला कॅलिपरने मोजायला सांगा. कमी असेल तर सांध्याच्या चेकरेलवर (मुख्य रुळालगतच्या आतल्या आडरुळावर) चढेल.

तिन्हींमधून? डॅपॉल आणि हॉर्नबीचा साचा मुळात एकच. हॉर्नबीने तो १९९० च्या दशकात डॅपॉलकडून घेतला. त्यामुळे त्या दोघांत खोक्यावर नाही, चासीच्या अवस्थेवर ठरवा. ईएफई रेलचं सगळ्यात नवं, बारकाईही जास्त. किंमत परवडत असेल तर तेच.

पण इंजिन बदलून सांध्याचा रोग जाणार नाही, एवढं लिहून ठेवा.

बडोदेकर_अरुंद

वरच्याला दुजोरा. इन्सुलफ्रॉगचा फ्रॉग, म्हणजे सांध्यात दोन रूळ एकमेकांना छेदतात तो भाग, प्लास्टिकचा, वीज नाही. चार चाकी इंजिनाच्या चाकांत पाच फूट अंतर धरलं तर मॉडेलवर ते २० मिमी. एका बाजूला दोनच चाकं. एक फ्रॉगवर गेलं आणि दुसऱ्याखाली धूळ असली की वीज तुटली. ऑस्टेरिटीचं चाकांतर ११ फूट, म्हणजे ४४ मिमी, आणि बाजूला तीन चाकं. कमी अडेल, पण वळणावर मधलं चाक किंचित उचललं गेलं तर तेही थांबेल.

खरा उपाय धातूच्या फ्रॉगचे सांधे, इलेक्ट्रोफ्रॉग किंवा युनिफ्रॉग. इलेक्ट्रोफ्रॉग बसवताना फ्रॉगपुढच्या दोन्ही आतल्या रुळांना प्लास्टिकचे जोड लावा, नाहीतर सांधा वळवताच शॉर्ट. फ्रॉगला वीज मूळ रुळाला टेकलेल्या जिभेतून (सांध्याच्या हलणाऱ्या टोकदार रुळातून) मिळते, आणि ग्वाल्हेरच्या धुळीत तो टेकणारा भाग महिनाभरातच मळतो. म्हणून फ्रॉगपासून एक तार खाली घ्या आणि जीभ हलवणाऱ्या दांडीलाच सरकता दुतर्फा स्विच जोडा. मधल्या टोकाला फ्रॉग, दोन बाजूंना दोन रूळ.

रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुना सुती कपडा. सँडपेपर नको, त्याच्या ओरखड्यांत काजळी बसते.

आता उन्हाळा. निकेल सिल्व्हर अंशाला मीटरमागे साधारण ०.०१७ मिमी वाढतं. जानेवारीतले ५ अंश आणि मेमधले ४५, म्हणजे तुमच्या १२०० मिमीवर ०.८ मिमी. एवढ्याने रूळ वाकायला नको, पण त्याच मे महिन्यात लू लागून प्लाय सुकतो आणि आखडतो. रूळ वाढतोय, पाट आकसतोय. त्यात जोड सोल्डर केलेले असतील तर तो आडवाच जाणार. प्लायच्या सहाही बाजूंना रंग द्या, कडांना दोन हात. जोड सोल्डर करू नका. थंडीत बसवत असाल तर १२०० मिमीत मिळून १ मिमी फट ठेवा, मेमध्ये बसवत असाल तर जवळजवळ नको. आणि प्रत्येक तुकड्याला खालून वेगळी तार द्या, कारण सैल जोड पावसाळ्यात हिरवे होऊन वीज अडवतात.

लष्करकर

जोड सोल्डर केलेलेच आहेत. काढतो. विक्रेता कंट्रोलरही (रुळांना वीज देऊन वेग बदलणारा डबा) देतोय, इंग्लंडचा. इथे चालेल? घरी इन्व्हर्टर आहे.

सोळा_पॉइंट_पाच

तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. चालेल. फक्त त्याचा चौकोनी पायांचा प्लग कापू नका. त्या प्लगच्या आत फ्यूज असतो, आपल्या ६ अँपियरच्या गोल पायांच्या प्लगमध्ये नसतो. बाहेरून अडॅप्टर लावा. वीज गेल्यावर चौकोनी लहरींच्या इन्व्हर्टरवर चालवू नका. आतला ट्रान्सफॉर्मर घुमतो आणि तापतो. फीडबॅक पद्धतीचा (मोटरचा वेग बघून वीज ठोक्यांनी देणारा) जुना कंट्रोलर असेल तर तो कोअरलेस (फिरत्या भागात लोखंडी गाभा नसलेल्या) मोटरच्या इंजिनाला लावू नका. त्याचे ठोके मोटर तापवतात. इंजिन पक्कं झालं की आधी मोटरचा प्रकार विचारा, मग कंट्रोलरचं बोला.

कोळसापेटी

विषयाबाहेरचं एकच, बडोदेकर आहेत म्हणून. ४ मिमीच्या मापात बडोद्याच्या अरुंद गाडीचा अडीच फुटी रूळ १० मिमीचा व्हायला हवा आणि ग्वाल्हेरचा दोन फुटी ८ मिमीचा. बाजारात मिळतो ९ मिमी. दोघांचीही पंचाईत.

बडोदेकर_अरुंद

पंचाईत कसली, ओओ तरी कुठे खरं आहे? इंग्लंडचा पूर्ण रुंदीचा रूळ १८.८३ मिमी हवा, आपण सगळे १६.५ वर समाधानी. लष्करकर, तळाचे फोटो आले की इथेच टाका, दातेरी चाक बघून सांगतो.