साडेपाच वर्षांत चार नोकऱ्या, एमबीएच्या अर्जात नडेल का?

चाकण_ते_खराडी:
नमस्कार मंडळी. मेकॅनिकल झाल्यावर चाकणला सुट्या भागांच्या कारखान्यात सव्वा वर्ष काढलं. २०२१ मध्ये सगळेच उड्या मारत होते, मीही हिंजवडीत सॉफ्टवेअरला गेलो. मग एक स्टार्टअप. सात महिन्यांत पैसा आटला, कपातीत गेलो. आता अडीच वर्षं खराडीत सप्लाय चेन अ‍ॅनालिटिक्स, म्हणजे मालपुरवठ्याच्या आकडेवारीचं काम.

आयएसबी (इंडियन स्कूल ऑफ बिझनेस) आणि आयआयएम अहमदाबादचा पीजीपीएक्स, म्हणजे अनुभवी लोकांसाठीचा एक वर्षाचा एमबीए, डोक्यात आहे. मित्र म्हणतो, ते सात महिने खोडून टाक आणि हिंजवडी सोडल्याची तारीख पुढे ओढ. बाबांचं तर ठरलेलंच आहे: ‘एका जागी टिकत नाही हा.’ काय करू?

मोहालीवाला:
मित्राचं अजिबात ऐकू नका. पीएफ कापला जात असेल तर तुमच्या यूएएनच्या (पीएफच्या कायमच्या क्रमांकाच्या) सर्व्हिस हिस्टरीत रुजू झाल्याची आणि सोडल्याची तारीख कंपनीनिहाय पडलेली असते. पडताळणीत खोटं सापडलं की मिळालेला प्रवेशही जातो. कपातीला एक ओळ पुरे. रडगाणं नको, जुन्या मालकाला शिव्या तर नकोतच.

माझ्या मते खरा प्रश्न वेगळाच विचारतील: चाकण सोडून कोडिंगला का गेलात? ‘पगार दुप्पट’ हे खरं असलं तरी अपुरं आहे. इन्सियाद या परदेशी बिझनेस स्कूलच्या अर्जात पदवीनंतरची सगळी वाटचाल आणि प्रत्येक निवडीमागचं कारण लिहायला सांगतात. तिथे जायचं नसलं तरी ते उत्तर आधी लिहून काढा. तुमच्याकडे धागा आहे की! कारखान्यात शॉप फ्लोअरवर माल वेळेत न आल्याने लाइन थांबलेली तुम्ही पाहिली असेल, आज त्याच मालाचा अंदाज बांधताय. हे तुम्हाला दिसत नसेल, तर प्रवेश समितीला कुठून दिसणार?

आणि शिफारसपत्र. एक सध्याच्या साहेबांचं असेलच. दुसरं मागत असतील तर जुन्या मॅनेजरकडून घ्या. ज्याला सोडून आलात तोच चांगलं लिहितोय म्हटल्यावर ‘टिकत नाही’चा निम्मा जोर गेला.

कॅटवाली_नागपूर:
आयआयएमच्या दोन वर्षांच्या पीजीपीचा (कॅट देऊन मिळणाऱ्या नेहमीच्या एमबीएचा) विचार असेल तर गणित निराळं. बहुतेक आयआयएम शॉर्टलिस्टमध्ये अनुभवाचे महिने मोजतात, कंपन्या नाही. पदवीआधीची इंटर्नशिप मात्र त्यात धरत नाहीत.

भरतीतली_ताई:
मी पंधरा वर्षं भरतीत आहे, म्हणून थोडं कडू बोलते. कॉलेज समजून घेईलही, पण प्लेसमेंटला हाच सीव्ही आमच्यासमोर येतो. सात महिन्यांचं कुणाला काही वाटत नाही, स्टार्टअप बुडतात. खराडीत अडीच वर्षांत पद किंवा टीम वाढली का, ते मी आधी बघते. तेव्हा अर्ज करेपर्यंत पाचवी ऑफर आली तरी हलू नकोस रे बाबा!

चाकण_ते_खराडी:
ताई, गेल्याच महिन्यात सीनियर झालो, तीन जण हाताखाली आहेत. पण स्टार्टअपचं रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरी सोडल्याचं पत्र, मिळालेलंच नाही. ऑफिस बंद, एचआरला केलेला मेल परत येतो.

मोहालीवाला:
ऑफर लेटर, पगार जमा झाल्याचं बँक स्टेटमेंट आणि त्या वर्षाचा फॉर्म २६एएस (आयकर खात्याकडचा करकपातीचा उतारा) काढून ठेवा. टीडीएस कापला असेल तर त्यात कंपनीचं नाव येतं. तिथल्या मॅनेजरचा नंबर असेल तर त्याच्याकडून मेलवर दोन ओळी लिहून घ्या. आणि कागद नाही हे कॉलेजला आधीच कळवा, त्यांनी विचारायची वाट बघू नका.