मदत हवी आहे: पानांवर चंदेरी नागमोडी रेषा, नक्की कोणता पतंग?

रानवाटा_सई
नवीन पालवी आली की काही दिवसांतच तिच्यावर चंदेरी नागमोडी रेषा उमटतात. मग पान आत वळतं आणि कड मुडपते. आता शेजारच्या कुंडीतही रेषा दिसायला लागल्या आहेत. जिथे शोधावं तिथे 'लीफ मायनर' म्हणून विषय संपवतात, तेवढं मलाही माहीत आहे. मला जात हवी आहे. दोन्हीकडे एकच जात आहे की वेगवेगळ्या? एकीकडून दुसरीकडे पसरते आहे का? माझ्या कुंड्यांवर येणाऱ्या कीटकांची मी नोंदवही ठेवते, तिच्यात 'कुठलीतरी अळी' असं लिहून पान उलटायचं नाही मला. फोटो जोडला आहे. जाणकारांनी लवकर सांगावं, पालवी रोज बिघडते आहे.

मळेकरी
नागअळी आहे, दुसरं काही नाही. निंबोळी तेल लिटरला 5 मिली, त्यात थोडा साबण, संध्याकाळी पानाच्या दोन्ही बाजूंनी फवारा. आठवड्याने परत. मी वर्षानुवर्षं हेच करतो.

भिंगातून
सईताई, झाड कोणतं ते लिहिलेलंच नाही! फोटोत एकच मुडपलेलं पान आहे, तेही अंधारात. पान आतून पोखरणारे फक्त पतंग नसतात. काही माशा, काही भुंगे आणि करवती माश्यांच्या काही अळ्याही तेच करतात. झाड कळलं की निम्मं काम होतं, कारण यातल्या बहुतेक जाती एकाच झाडाला किंवा त्याच्या जवळच्या भाऊबंदांना धरून असतात. शिवाय रेषेच्या मधोमध काळी विष्ठा दिसते का? रेषा जिथे संपते तिथे काय आहे? काही फवारलंय का?

परसबाग_वेडा
माझ्या टोमॅटोवर अगदी अश्शाच रेषा होत्या. पिवळे चिकट सापळे लावले, पंधरवड्यात फरक. डोळे झाकून लावा.

भिंगातून
@परसबाग_वेडा, टोमॅटोवर तुम्ही पाहिली ती बहुधा लिरिओमायझा, म्हणजे माशी. ती पिवळ्या रंगाकडे येते, म्हणून तुमचा सापळा चालला. इथे पतंग असेल तर त्या सापळ्याचा फार उपयोग नाही. माशीच्या अळीला वेगळं असं डोकं दिसत नाही आणि तिची विष्ठा बोगद्याच्या कडांना आलटून पालटून पडते. पतंगाच्या बोगद्यात ती बहुतेकदा मधून सलग जाते.

परसबाग_वेडा
माशी असो की पतंग, उडणारा कीटक चिकटणारच ना? मी अनुभव सांगतोय, पुस्तकातलं नाही.

रानवाटा_सई
लिंबू आहे. फोटोत पान दिसतंय की! दुसरी कुंडी गुलाबाची. लिंबाच्या रेषेत मधोमध गडद दोरा आहे. रेषा पानाच्या कडेला जाऊन संपते आणि तिथे कड दुमडून आत काहीतरी चिकटवलेलं आहे. गुलाबावर दुमडलेली कड कुठेच नाही. साबणाचं पाणी मारलं होतं, काही झालं नाही.

हिरवा_कोपरा
लिंबाच्या जुन्या पानांना शिरांच्या मधून पिवळेपणा येतो तो मॅग्नेशियमच्या कमतरतेमुळे. मॅग्नेशियम सल्फेट पाण्यात विरघळवून द्या. कुंडीतल्या लिंबाला हे हमखास होतं.

रानवाटा_सई
@हिरवा_कोपरा, पानं पिवळी नाहीत. प्रश्न रेषांचा आहे.

भिंगातून
आता बोलता येईल. लिंबावरची फिलोक्निस्टिस सिट्रेला. लिंबूवर्गीय झाड, कोवळी पालवी, मधून विष्ठेचा दोरा आणि शेवटी दुमडलेल्या कडेत कोष, एवढं जुळल्यावर मला शंका उरत नाही.

ग्रासिलॅरिडी कुळातल्या फिलोक्निस्टिस या प्रजातीला, म्हणजे जातींच्या गटाला, झेलरने 1848 मध्ये नाव दिलं, आणि आज तिच्यात शंभराहून जास्त जाती मोजतात. सिट्रेलाचं वर्णन स्टेंटनने 1856 मध्ये कलकत्त्याच्या नमुन्यांवरून केलं. पुढे ती जगभर गेली. फ्लोरिडात ती 1993 मध्ये सापडली आणि फार थोड्या काळात तिथल्या सगळ्या बागांत पसरली.

हिची अळी खाते कशी ते पाहण्यासारखं आहे. चपटी, बिनपायाची अळी पानाच्या पातळ कातडीतल्या पेशी फोडून त्यांचा रस पिते, आतला हिरवा गर तसाच सोडते. सुटलेल्या कातडीखाली हवा शिरते म्हणून रेषा चंदेरी दिसते. पहिल्या तीन अवस्था अशा रसावर जातात. चौथ्या अवस्थेत अळी काहीच खात नाही, फक्त रेशीम काढते. त्या रेशमाने पानाची कड ओढून घेते आणि आत कोष करते. तुम्हाला चिकटवलेलं दिसलं ते हेच.

आता एक पान खिडकीशी नेऊन उजेडाकडे धरा. लिंबाची रेषा बरीचशी हिरवीच दिसेल, कारण गर शाबूत आहे. गुलाबाची रेषा आरपार फिकट दिसली तर तिथला गर खाल्ला गेलाय, म्हणजे अळी वेगळी. मला तिथे नेप्टिक्युलिडी कुळाचा, बहुधा स्टिगमेला प्रजातीचा संशय आहे. तेही इवले पतंगच, पण कूळ निराळं. लिंबावरून गुलाबावर काही गेलेलं नाही, एवढं आत्ताच लिहून ठेवा.

मळेकरी
नाव कळलं, छान झालं. पण फवारणी तीच.

देवराई७
मळेकरी, मी अजिबात सहमत नाही. अळी कातडीखाली आहे, तिच्यावर वरून काय पडणार? साबणाचं पाणी म्हणून तर वाया गेलं. मोठ्या झाडाला या अळीने काही होत नाही, चार वर्षांपुढचं लिंबू ती पानं सहज सोसतं. फवारा मारलात की अळी खाणारे आधी मरतात.

मळेकरी
निंबोळी अळी मारायला नसते, अंडी घालायला येणारी मादी टळावी म्हणून असते. ती पाहते कोवळं पान. कोवळ्या पानावर तेलाचा थर असला की टळते. पोखरलेल्या पानावर मारून उपयोग नाही हे मीही सांगतो. नवती फुटत असतानाच मारायचं असतं.

देवराई७
मग पहिल्या प्रतिसादात 'नवती फुटताना' हे लिहायला हवं होतं. लोक वाळलेल्या पानांवर बाटल्या संपवतात.

शेतीवार्ता_अ
दोघंही वेळ घालवताय. इमिडाक्लोप्रिड मातीत द्या. आंतरप्रवाही आहे, पानात पोचतं, अळी आतच मरते. एका मात्रेत विषय संपतो.

देवराई७
आणि फुलं आली की मधमाश्याही मरतात. ते परागात आणि मधुरसात उतरतं. कुंडीतल्या एका लिंबासाठी हे सुचवू नका, कळकळीची विनंती आहे.

भिंगातून
सईताईंनी औषध विचारलेलंच नाही, त्यांना ओळख हवी आहे. पण विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगायला हवी. जिथे लिंबावर खैऱ्या आहे तिथे ही अळी दुर्लक्ष करण्यासारखी नाही. खैऱ्याचे जीवाणू फाटलेल्या कातडीतून सहज आत शिरतात आणि रोग झपाट्याने वाढतो. पानांवर तपकिरी, खरखरीत, पिवळ्या कड्याचे डाग आहेत का ते पाहून कळवा. नसतील तर देवराई यांचं म्हणणं मला पटतं. झाड अगदी लहान असेल तर मळेकरी म्हणतात तसं फक्त नव्या पालवीला जपा. नत्र कमी द्या, खोडावरून सरळ वर जाणारे फुटवे काढा. जास्त नत्र आणि असे फुटवे, दोन्हींमुळे अळीला हवी ती कोवळी पालवी एकसारखी मिळत राहते.

रानवाटा_सई
खैऱ्याचे डाग नाहीत, झाड जुनं आहे. त्यामुळे फवारणीचा वाद इथे थांबवला तरी चालेल. उजेडाकडे धरून पाहिलं. लिंबाचं पान हिरवं दिसतं, गुलाबाच्या रेषा खरंच आरपार दिसतात. लिंबाची मुडपलेली काही पानं झाकणाच्या बाटलीत ठेवली आहेत. पतंग निघेपर्यंत किती थांबायचं?

भिंगातून
ऊब असेल तर अंड्यापासून पतंगापर्यंत सगळं दोन आठवड्यांत आटपतं, थंडीत सात आठवडेही लागतात. तुमच्याकडे कोषच आहेत, त्यामुळे थोड्या दिवसांचा प्रश्न आहे. बाटलीत टिपकागदाचा तुकडा टाका, पानं कुजली तर सगळं जाईल.

पाचोळा
अवांतर, पण राहवत नाही. स्टिगमेलाच्या आणि फिलोक्निस्टिसच्या गटातल्या बोगद्यांसारखे बोगदे जीवाश्म पानांवरही मिळाले आहेत. अमेरिकेतल्या डकोटा शैलसमूहातली ती पानं सुमारे 9.7 कोटी वर्षांपूर्वीची आहेत, त्यावरचा शोधनिबंध 1994 चा. म्हणजे डायनासोरांच्या काळात, फुलझाडं जगात नवीन असताना, ही मंडळी पानाच्या आत शिरलेली होती.

बर्फाळ_वाटा
@पाचोळा, सुंदर माहिती! फिलोक्निस्टिसचीच पॉप्युलिएला ही जात उत्तर अमेरिकेतल्या अॅस्पेन झाडांवर असते. अलास्कात तिची साथ आली की डोंगरउतारावरचं जंगल लांबूनही राखाडी-चंदेरी दिसतं. ती पानाच्या दोन्ही बाजू पोखरते, आणि खालच्या बाजूचं नुकसान झाडाला जास्त भोवतं, कारण पर्णरंध्रं तिथे आहेत. तिचे पतंग हिवाळा प्रौढ अवस्थेत काढतात. सईताई, तुमच्याकडे अॅस्पेन आहे का?

रानवाटा_सई
नाही. लिंबू आणि गुलाब.

पाचोळा
@बर्फाळ_वाटा, थंड देशांत शरद ऋतूत गळलेली पानंही पाहत जा. पान पूर्ण पिवळं, पण अळीच्या भोवतीचा तुकडा हिरवागार राहतो. फिलोनोरिक्टर प्रजातीत यामागे अळीच्या अंगातल्या वोल्बाकिया जीवाणूंचा हात असल्याचं दिसलं आहे. ते जीवाणू काढून टाकले की हिरवा तुकडा राहत नाही.

रानवाटा_सई
बाटलीत हालचाल! एका कोषातून पतंग निघाला. मिटलेल्या पंखांनिशी जेमतेम दोन मिलिमीटर. पांढरा, चांदीची झाक असलेला, पंखांवर बारीक पिवळट-तपकिरी रेघा, टोकाशी ठळक काळा ठिपका आणि कडेला लांब केसांची झालर. दुसऱ्या कोषातून मात्र पतंग नाही, काळसर चमकदार, मुंगीहून लहान माशी बाहेर आली. ही कुठून आली? बाटली नीट बंद होती.

भिंगातून
टोकाचा काळा ठिपका आणि पंखांवरच्या रेघा, शिक्कामोर्तब झालं. नोंदवहीत पेनने लिहा: फिलोक्निस्टिस सिट्रेला.

माशी म्हणाल तर ती परोपजीवी आहे, लिरिओमायझासारखी माशी नव्हे, गांधीलमाशीची इवली भाऊबंद. तिच्या आईने पानाच्या कातडीतून अंडं घालायची नळी खुपसून अळीवर अंडं घातलं, पिलाने अळी खाऊन तिच्या जागी कोष केला. एकच निघाली त्यावरून मला युलोफिडी कुळातली वाटते, पण जात सांगायला सूक्ष्मदर्शक लागेल. फ्लोरिडात 1994 मध्ये मुद्दाम सोडलेली एजेनियास्पिस सिट्रिकोला वेगळी. तिच्या एका अंड्याचे अनेक गर्भ होतात, त्यामुळे एका कोषातून अनेक माश्या निघतात.

देवराई७
म्हणून मी म्हणत होतो. मुडपलेली पानं तोडून जाळा असा सल्ला सर्रास देतात. त्या पानांत या माश्या असतात आणि पानाचा उरलेला हिरवा भाग झाडाला अन्नही देत असतो. पानं झाडावरच राहू द्या.

मळेकरी
हे मान्य. माशी सोडून द्या, लिंबावरच सोडा. तेलही या खेपेला नको.

परसबाग_वेडा
पिवळा सापळा लावला असता तर ही माशीही त्यात अडकली असती, हे लक्षात आलं. पतंगासाठी कामगंध सापळा मिळतो का?

भिंगातून
मिळतो, पण त्यात फक्त नर येतात. पतंग कधी वाढले हे कळायला तो उत्तम, झाड वाचवायला एकटा पुरत नाही.

सईताई, गुलाब राहिला. बोगद्याच्या अगदी बारीक टोकाशी चकचकीत ठिपका दिसतो का? ते अंड्याचं कवच. आणि रुंद टोकाशी बारीक चीर?

रानवाटा_सई
माशी लिंबावर सोडली. गुलाबावर ठिपका आहे, पानाच्या खालच्या बाजूला, मध्य शिरेजवळ. रुंद टोकाला चीरही आहे. सगळे बोगदे रिकामे.

भिंगातून
मग अळ्या बाहेर पडून गेल्या. स्टिगमेला बोगद्यात कोष करत नाही. ती बाहेर येते आणि देठावर, पाचोळ्यात किंवा मातीत रेशमी कोष विणते. गुलाबावर तिच्या एकाहून जास्त जाती आहेत, युरोपातल्या अॅनोमॅलेला आणि सेंटिफोलिएला या दोन रिकाम्या बोगद्यावरून वेगळ्या काढणं धोक्याचं. आत्ता 'स्टिगमेला, जात अनिश्चित' एवढंच लिहा. पुढच्या पालवीवर बोगद्यात अळी दिसली की तिचा रंग टिपा आणि ते पान मातीचा पातळ थर असलेल्या बाटलीत ठेवा.

रानवाटा_सई
तसं लिहिलं आहे. गुलाबावर नवे डोळे फुटताहेत, अळी दिसली की फोटो याच धाग्यावर टाकते, उजेडात काढून आणि झाडाच्या नावासकट. सर्वांचे आभार.

हिरवा_कोपरा
गुलाबालाही मॅग्नेशियम चालतं.