आईबाबांच्या व्हिजिटर व्हिसासाठी नक्की कोणते कागद लागतात? तातडीचं आहे

मुक्ता_स: आईबाबांना महिन्याभरासाठी ताईकडे जायचंय. बँक स्टेटमेंट, विमा, तिकिटं, ताईचं पत्र, सगळं जोडलं होतं तरी परत आलं. आता आणखी काय द्यायचं? तिकिटं पुढच्या महिन्याची आहेत. हल्लीच ज्यांनी केलंय त्यांनी प्लीज लवकर सांगा.

घाटवाट: देश कुठला?

रेवती७: आणि "परत आलं" म्हणजे? अर्ज घेतलाच नाही की नकार दिला?

जुनाप्रवासी: आमच्या सासूबाईंना अमेरिकेने व्हिसा कायद्याच्या २१४(बी) कलमाखाली नाकारलं होतं. सगळा निकाल मुलाखतीत, कागदांची फाइल उघडलीसुद्धा नाही. परत येणार हे पटलं पाहिजे. घराचे आणि पेन्शनचे कागद द्या.

मुक्ता_स: अमेरिका नाही हो, जर्मनी. नकार आलाय. फॉर्मवर २ आणि ३ वर खूण आहे. पैसे तर आहेत, अर्जाच्या आधीच्या आठवड्यात मीच बाबांच्या खात्यात भरले.

रेवती७: २ म्हणजे मुक्कामाचा उद्देश पटला नाही, ३ म्हणजे खर्चाची सोय दिसली नाही. एकदम आलेली मोठी रक्कम त्यांना उसनी वाटते. तुम्ही भरले असतील तर तसं पत्र आणि तुमचं स्टेटमेंटही जोडायला हवं होतं.

घाटवाट: खात्यातल्या रकमेपेक्षा ताईचं पत्र बघा. साधं पत्र की फेरप्फ्लिश्टुंग्सएर्क्लेरुंग? म्हणजे पाहुण्यांच्या खर्चाची कायदेशीर हमी. ती ताईंनी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात स्वतः जाऊन करायची असते.

मुक्ता_स: साधं, ईमेलने आलेलं.

घाटवाट: मग ३ चं उत्तर मिळालं.

सागरवेळ: एजंटला द्या, डोक्याला ताप नाही.

रेवती७: एजंट हमीपत्र कुठून आणणार? @मुक्ता_स, आईबाबा महिनाभर एकाच घरी राहणार आहेत का?

मुक्ता_स: मधले बारा दिवस पॅरिस आणि रोम. ते ताईच्या पत्रात नाही, हॉटेल बुकिंग जोडलंय.

रेवती७: मग २ त्यामुळेच असेल. पत्र म्हणतं महिनाभर माझ्याकडे, बुकिंग वेगळंच सांगतं. प्रत्येक तारखेला मुक्काम कुठे हे सगळ्या कागदांवर एकसारखं हवं. विमाही ३०,००० युरोंचा, संपूर्ण शेंगेनसाठी (म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतात ते युरोपातले देश) आणि सगळ्या दिवसांचा.

जुनाप्रवासी: नकाराविरुद्ध दूतावासाला फेरविचाराचं पत्र लिहा. फुकट असतं.

घाटवाट: नाही, जर्मनीने ती सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली. आता नवा अर्ज, नाहीतर बर्लिनच्या न्यायालयात दावा. नवा अर्जच बरा.



मुक्ता_स: ताईला कार्यालयाची वेळ मिळतेय, पण तीन आठवड्यांनी. मग तिकिटं पुढे ढकलावीच लागतील ना?

रेवती७: हो. अर्जाच्या निर्णयाला साधारण १५ दिवस धरतात, शंका आली तर ४५ पर्यंतही जातात. व्हिसा हातात येईपर्यंत नुसतं आरक्षण ठेवा, पैसे भरू नका. आणि पहिल्या नकाराचा फॉर्म लपवू नका, नव्या अर्जात तो जोडून काय बदललंय ते अर्ध्या पानात लिहा.

मुक्ता_स: ताईला आत्ताच फोन करते. पॅरिस-रोम काढूनच टाकतोय, आईला फक्त नातीला बघायचंय.