बाजू कुरुंग, सांपिन वगैरे मलेशियातले कपडे: तुमच्या आठवणी लिहा

मोरपिशी
कपाट आवरताना तळाशी बाजू कुरुंग सापडला. क्वालालंपूरमधल्या पहिल्या हरी रायाच्या (म्हणजे ईदेच्या) आधी शेजारच्या माकचिकनी (म्हणजे काकूंनी) मला जालान तुआंकू अब्दुल रहमान या रस्त्यावर खरेदीला ओढत नेलं होतं. गर्दी दिवाळीतल्या तुळशीबागेची, वर घामाच्या धारा. गुडघ्यापर्यंत घोळदार झगा, खाली पायघोळ कापड, एका बाजूला निऱ्या. दुकानदार आधी विचारतो, घरात किती माणसं? अख्ख्या घराचा रंग एकच! नवराही मोरपिशी झाला. मला वाटलेलं हे सणापुरतं. पण शुक्रवारी लिफ्टमध्ये बघावं तर पोरी बाजू कुरुंग घालून, खांद्याला लॅपटॉप. मी नऊवारी शेवटची कधी नेसले ते विचारू नका.

घारूअण्णा
पुरुषांचे हाल लिहा की. बाजू मेलायूच्या उभ्या कॉलरवाल्या सदऱ्याची पाचही बटणं सुटी असतात, दर वेळी लावायची. माझं एक बेसिनमध्ये गेलं. कमरेचा सांपिन साहेबाच्या ड्रायव्हरने गुंडाळून दिला. तेरेंगानू राज्यातल्या हातमागाच्या सोंगकेटची (जरीच्या कापडाची) किंमत ऐकून पैठणी आठवली, यंत्रावरचा घेतला.

निमा_जेबी
अण्णा 😂 आमच्याकडे दुकानदार सारखं सुआमी सुआमी करत होता. म्हटलं कोण महाराज? सुआमी म्हणजे नवरा! स्वामीच तो.

चहाबाज
गुरुवारचं बाटिक विसरलात. सरकारी कचेऱ्यांत गुरुवारी सगळे फुलाफुलांचे.

साधना ता.
लेक तिथल्या सरकारी शाळेत होती. पिनाफोर चालत असूनही मैत्रिणींसारखा पांढरा बाजू कुरुंग आणि निळा स्कर्टच हवा म्हणून रडली. आता पुण्यात जीन्स सोडत नाही.

गेलांगकर
सिंगापूरच्या हवाईसुंदऱ्यांचा केबाया (पुढून उघडा, अंगासरशी ब्लाउज) पिएर बाल्मां या फ्रेंच माणसाने बेतला. २०२४ मध्ये पाच देशांनी मिळून केबाया युनेस्कोच्या यादीत नेला. वडापाव कुणाचा यावर आपण दोन शहरं भांडतो.

मोरपिशी
वडापाव मध्ये आणू नका हो 🙏

विद्या_ठाणे
रेंडांग (तिकडचं नारळाच्या दुधातलं सुकं) कुणाला येतं का? चिकनचं. माझं पाणचट होतं.

निमा_जेबी
केरीसिक घाल. खोबरं कोरडं भाजून तेल सुटेपर्यंत कुटायचं.

विद्या_ठाणे
म्हणजे आपलं वाटणच की! मिक्सरमध्ये चालेल ना?

घारूअण्णा
जेवायला कधी येऊ? बटण एक कमी आहे, चालेल?